तिसरा नकार

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, ताईच्या बंद दारासमोर त्या दुपारी पाच माणसं उभी होती. त्यातल्या चौघांची खात्री होती की पाचव्याचं डोकं फिरलं आहे.

पाचवे म्हणजे उघडूकाका. धंद्याने कुलूपवाले. पायाशी अवजारांची पिशवी, समोर आतून लावलेलं दार, आणि दाराआड त्यांची सख्खी मोठी बहीण. वय एकाहत्तर, दोन दिवस तापाने फणफणलेली, डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. दार उघडायला काकांना फार तर दहा मिनिटं लागली असती. कुलूपही त्यांनीच बसवलेलं आणि आतला बोल्टही त्यांनीच. पण काका पिशवीला हात लावत नव्हते.

"मामा, हात जोडतो तुमच्यापुढे," भाचा म्हणाला. ताईचा हा एकुलता एक मुलगा, डोळ्यांत पाणी आणि आवाजात जाळ. "काढा ती अवजारं."

"आधी विचारू दे," काका म्हणाले.

शेजारीणबाईंनी कपाळाला हात लावला. रुग्णवाहिकेबरोबर आलेले दोघे स्ट्रेचर भिंतीला टेकवून एकमेकांकडे बघत राहिले.

हे 'विचारू दे' प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या चौघांतले व्हाल. काकांची पद्धतच तशी होती. कुणीही बोलावू देत, घरमालक, नवरा, मुलगा, पोलीस, काका आधी दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, "आत कुणी आहे का? उघडू का?" मग थांबायचे. असं तीनदा. पहिल्यांदा माणूस झोपेत असतो, दुसऱ्यांदा न्हाणीघरात असतो, तिसऱ्यांदाही आवाज आला नाही तर आत कुणी नाही किंवा आहे तो संकटात आहे असं समजायचं आणि कामाला लागायचं. पण आतून एकदा जरी 'नको' आलं, की पिशवी उचलून जिना उतरायचा. मग मागून कुणी शिव्या देवो नाहीतर पाया पडो. आळीतल्या पोरांनी त्या 'उघडू का'ला काका जोडून टाकले आणि पाटीवरचं खरं नाव कायमचं मागे पडलं.

हे खूळ उगाच नव्हतं शिरलं डोक्यात. धंद्यात नवे असताना एका घरमालकाने त्यांना नेलं होतं. खोली रिकामी आहे, कुलूप अडकलंय, म्हणाला. काकांनी तार घातली, दार ढकललं. आत एक बाई दोन बॅगांच्या मध्ये खाटेवर बसली होती. घरमालकाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. काकांकडे बघून म्हणाली, "मी आत होते हो. विचारायचं तरी." भांडण नाही, रडणं नाही, एवढंच. काका घरी आले ते जेवलेच नाहीत. त्या दिवशी जो कानाला खडा लावला तो आज तीस वर्षं.

यात काही मोठा विचार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते सांगितलं एका प्राध्यापकांनी. राज्यशास्त्र शिकवायचे आणि महिन्यातून एकदा घराची किल्ली हरवायचे. काका नवी किल्ली घासत असत आणि सर समोरच्या स्टुलावर बसून बोलत असत. गिऱ्हाईक नसलं की व्याख्यानाला बहर यायचा.

"शंभर माणसं एकत्र राहायची म्हणजे चालायचं कुणाचं, हा प्रश्न आलाच," सर एकदा म्हणाले होते. "काही म्हणतात, सगळ्यांना सारखं मिळू दे, त्यासाठी कुणाचा हात पिरगळावा लागला तरी चालेल. काही म्हणतात, वाडवडिलांनी आखून दिलंय त्या रेषेवरून चाला. काही म्हणतात, जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात आहे ते बघा, मग एखादा रडला तर रडला. आणि एक चौथी मंडळी आहेत. ते म्हणतात, माणूस स्वतःचा मालक. तो दुसऱ्याला इजा करत नाही तोवर त्याला हात लावायचा नाही. त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. सरकारने रखवालदार व्हावं, सासू होऊ नये. यांना स्वातंत्र्यवादी म्हणतात. तुम्ही त्यांतले."

काकांना सासूचं फार आवडलं. "मग बाकीच्या तिघांशी त्यांचं पटतं का?"

"सोयीपुरतं. धंद्यात लुडबुड नको म्हटलं की उजवीकडचे टाळ्या वाजवतात. लग्न कुणाशी करायचं, प्यायचं काय, यात नाक खुपसू नका म्हटलं की डावीकडचे वाजवतात आणि उजवीकडचे तोंड फिरवतात. दोन्हीकडची आमंत्रणं, पण पंगतीत जागा कुठेच नाही."

"माझंही तसंच आहे," काका म्हणाले. "दार उघडलं की देवमाणूस, नाही उघडलं की माथेफिरू."

सर हसले आणि म्हणाले, "पण यांची गोची होते ती वेगळीकडेच. माणूस तापात बरळतो, तेव्हा तो स्वतःचा मालक असतो का? तिथे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं."

"माझ्याकडे गोची नाही," काका किल्लीवर फुंकर मारत म्हणाले. "नको म्हणजे नको." असं बोलताना माणसाला फार बरं वाटतं. समोर आपलं माणूस नसतं ना.

आता समोर आपलं माणूस होतं. काकांनी दारावर टकटक केली.

"ताई, मी आलोय. उघडू का?"

"नको," आतून आवाज आला. खणखणीत. "आणि त्याला घेऊन घरी जा. सकाळपासून उपाशी असेल तो."

भाच्याने तोंड फिरवलं.

या नकोमागे काय होतं ते गॅलरीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ताई शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तेहतीस वर्षं नर्स होत्या. साखरेचा आजार जुना, त्यातून तळव्याला जखम झाली, ती चिघळली. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल. ताई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे डॉक्टर. माझंही बरोबर आहे." नकाराच्या कागदावर त्यांनी सही केली, तारीख घातली, डॉक्टर वेळ लिहायला विसरले होते तीही घातली, आणि घरी आल्या. पाय गेलेली माणसं त्यांनी रोज उठवली होती, पुसली होती, बसवली होती. ती पुन्हा उभी राहतात हेही त्यांना पक्कं माहीत होतं. "राहू देत," त्या म्हणाल्या होत्या. "मला कुणी उठवायला नकोय. मी पुष्कळ जगले, आता मला आपल्या हिशेबाने जाऊ दे."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. पक्ष कसले, मामा एकीकडे आणि बाकी सगळे एकीकडे.

"पाय तिचा आहे," मामा म्हणायचे.

"आई माझी आहे," भाचा म्हणायचा.

भाचा पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात अधिकारी होता. माणूस सालस, पण या एका बाबतीत त्याचा मामांशी छत्तीसचा आकडा. "मी रोज सकाळी सगळ्या गावाच्या पाण्यात औषध टाकतो," तो एकदा तावातावाने म्हणाला होता. "एकेकाचं दार वाजवून विचारत बसलो असतो, टाकू का, टाकू का, तर निम्मं गाव पटकीने गेलं असतं. तुमच्यासकट!" सरांना विचारू म्हणून काकांनी ते ठेवून दिलं होतं.

गॅलरीत वीस मिनिटं गेली. स्ट्रेचरवाल्यांपैकी एक म्हणाला, "आम्हाला दुसरीकडूनही बोलावणं आहे. अर्धा तास थांबतो. नाहीतर तुम्ही अग्निशमनवाल्यांना बोलवा, ते पहारीने दार काढतील."

"बोलवतोच," भाच्याने फोन काढला.

काका दाराला पाठ लावून उभे राहिले. "बोलव. त्यांना आधी मला काढावं लागेल."

"मामा, ती मरतेय आत!"

"माहीत आहे मला."

"कुणाच्या जिवावर चाललाय तुमचा हा नियम?"

काकांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. नेहमी एका नकोवर ते पिशवी उचलत. आज पिशवी तिथेच होती. स्वतःच्या नियमात ते इथेच पहिल्यांदा वाकले आणि हे त्यांचं त्यांना कळत होतं. त्यांनी वळून पुन्हा टकटक केली.

"ताई, उघडू का?"

आतून खाटेचा आवाज आला, मग पुटपुटणं. "सात नंबरचं सलाईन संपलंय... दिवे कुणी घालवले वॉर्डातले? नको... नको म्हटलं ना."

"ऐकलंत?" भाचा ओरडला. "कुठला वॉर्ड? निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तिला! हे नको तिचं नाहीये मामा, तापाचं आहे!"

सरांची गोची दार ठोठावत आली होती, आणि काकांकडे ती मोजायचं कोणतंही अवजार नव्हतं. कुलपाच्या आतली प्रत्येक पिन कुठे अडते हे त्यांच्या बोटांना कळे. त्या नकोमध्ये ताई किती आणि ताप किती, हे कशाने कळणार? शेजारीणबाई रडायला लागल्या. भाच्याने फोन लावला, पत्ता सांगितला, मजला सांगितला. काका ऐकत होते. पहार म्हटल्यावर त्यांना ते दार दिसलं, फळ्या फुटलेलं, आणि अनोळखी बूट आत शिरलेले.

"सगळे जरा मागे व्हा," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा विचारतो."

मंडळी दोन पावलं मागे सरली. काकांनी गुडघे टेकले, किल्लीच्या भोकाशी कान लावला. आतून तो वास येत होता, जखमेचा. त्यांनी हलकेच टकटक केली.

"ताई. उघडू का गं?"

आवाज आला, इतका बारीक की कान दाराला नसता तर आलाच नसता.

"नको, धाकट्या."

त्यात वॉर्ड नव्हता, सलाईन नव्हतं. धाकट्या म्हणणारं या जगात एकच माणूस होतं आणि ते पूर्ण शुद्धीवर होतं. त्यात हुकूम नव्हता, विनवणी होती.

"काय म्हणाली?" भाच्याने मागून विचारलं.

काका तसेच बसून राहिले. त्यांना बहीण हवी होती. बस्स, एवढंच. आई गेल्यावर जिने त्यांना न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, धंद्याला लावलं, ती त्यांना जिवंत हवी होती आणि त्यापुढे तीस वर्षांचा नियम, सरांचे चौथे, ती खाटेवरची बाई, काही म्हणजे काही उरलं नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "उत्तर नाही. शुद्ध गेली असेल. उघडतो."

सात मिनिटं लागली. तारेने कुलूप, मग ड्रिलने बोल्टच्या बरोबर वर भोक, त्यातून आकडा घालून बोल्ट मागे. दार उघडलं तेव्हा ताई खाटेला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. भाचा धावला, स्ट्रेचरवाले धावले. ताईंनी यांच्यातल्या कुणाकडे पाहिलं नाही. त्या धाकट्याकडे बघत होत्या. मग मान कलंडली आणि त्यानंतर मात्र त्यांची शुद्ध खरोखरच गेली.

पाय गेला, ताई वाचल्या. बेशुद्ध माणसाच्या वतीने मुलाची सही चालते, ती मुलाने केली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर काही खरं नव्हतं.

आणि काका एका दिवसात देवमाणूस झाले. शेजारीणबाईंनी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं, की तीनदा विचारलं हो, दोनदा नाही म्हणाल्या तर सख्खी बहीण असून हात लावला नाही, तिसऱ्यांदा आवाज आला नाही तेव्हाच उघडलं. याला म्हणतात नियम! भाच्याने तर काकांच्या गळ्यात पडून माफी मागितली. "तुमचंच बरोबर होतं मामा. तुम्ही तिचा मान राखलात." काका त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.

सगळ्यात वाईट म्हणजे सर आले. या वेळी किल्ली हरवलेली नव्हती, मुद्दाम आले होते. "वर्गात सांगितलं मी तुमचं," ते स्टुलावर बसत म्हणाले. "पुस्तकं जिथे अडखळतात तिथे तुम्ही साधी वाट काढलीत. नकार आहे तोवर हात लावायचा नाही, नकार थांबला की मदत करायची. पोरं गप्प झाली ऐकून."

काकांच्या हातातली कानस घसरली. किल्लीचा दात नको तेवढा झिजला. फेकून द्यावी लागली ती.

"बरं वाटत नाहीये का?" सरांनी विचारलं.

"ठीक आहे मी," काका म्हणाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांनी आयुष्यात पुष्कळांवर वापरली होती. त्या आठवड्यात ती त्यांच्या घरीच मुक्कामाला होती. बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय, तेव्हा ते दोन्ही वेळा तिच्यावर खेकसले.

रुग्णालयात ते रोज जात. ताई शुद्धीवर आल्या होत्या, थोडं खात होत्या, नर्सना सलाईनचा वेग कमी करायला सांगत होत्या. काकांशी मात्र एक अक्षर बोलत नव्हत्या. काका पायथ्याच्या बाजूला, चादर सपाट झाली होती तिथे बघायचं टाळून, बसून राहत आणि उठून येत. अकराव्या दिवशी ताईंनी मुलाला सांगितलं, "तू जरा बाहेर थांब. मला याच्याशी बोलायचंय."

भाचा बाहेर गेला. व्हरांड्यात शेजारीणबाई आल्या होत्या भेटायला, त्यांच्याशी त्याचं बोलणं सुरू झालेलं ऐकू येत होतं. दार उघडंच होतं.

"तिसऱ्यांदा मी काय म्हटलं?" ताईंनी विचारलं.

काका अकरा दिवस याचीच वाट बघत होते आणि तरीही त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. 'ऐकू आलं नाही' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. बंद दार, बारीक आवाज, कोण काय सिद्ध करणार? पण ताई त्यांच्या डोळ्यांत बघत होत्या, आणि लहानपणापासून त्या नजरेपुढे त्यांची थाप कधी टिकली नव्हती.

"नको म्हटलंस."

"ऐकू आलं होतं?"

"आलं होतं, ताई. स्पष्ट."

ताईंनी डोळे मिटले. काकांना वाटलं आता त्या रडतील, आणि त्या रडल्या नाहीत म्हणून त्यांनाच रडू फुटलं. "मला नाही राहवलं गं," ते म्हणाले. "तू जातेस असं दिसलं आणि मला नाही राहवलं. मला माफ कर नाहीतर नको करूस."

"ते मी नंतर बघेन," ताई म्हणाल्या. "जगवलंस म्हणून रागवायचं की नाही, ते अजून माझं ठरलेलं नाही. वेळ आहे मला आता, तू मिळवून दिलेला. पण रोज सकाळपासून ऐकतेय मी. हा सांगतो, आई गप्प झाली होती. डॉक्टर सांगतात, तुमची शुद्ध गेली ते बरं झालं. शेजारीण काल हात धरून म्हणाली, मनातून तुम्हालाही जगायचंच होतं, म्हणून शेवटी विरोध केला नाहीत. मी केला होता, धाकट्या. अंगातलं सगळं बळ गोळा करून केला होता. पाय नेलात तुम्ही, ठीक आहे. पण मी नको म्हटलं होतं, तेवढं तरी माझं असू दे. तेही पुसून टाकलंस तू."

बाहेर शेजारीणबाई बहुतेक तीच गोष्ट एका नवीन नर्सला सांगत होत्या, कारण 'तीनदा विचारलं' एवढं आत ऐकू आलं.

"जा," ताई म्हणाल्या. "सांग त्यांना."

काका उठले. दारापर्यंत आठ पावलं होती. भाचा गळ्यात पडला होता ते त्यांना आठवलं, सरांचा वर्ग आठवला, उद्यापासून प्रत्येक दाराशी लोक काय म्हणतील ते दिसलं. आपल्या बहिणीचं दार नको म्हणाली तरी उघडलंत, मग आम्हाला का अडवता? याला उत्तर नव्हतं. कदाचित पुढेही सापडणार नव्हतं.

ते उंबरठ्यावर उभे राहिले. भाचा, शेजारीणबाई, नर्स, तिघांनी वळून पाहिलं. भाच्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. "काय झालं मामा? आई बरी आहे ना?"

"तिसऱ्यांदा ती गप्प नव्हती," काका म्हणाले. जेमतेम त्या तिघांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात. "नको म्हणाली होती. मी ऐकलं होतं. तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो."

भाच्याचं तोंड उघडं राहिलं आणि शेजारीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मग आतून आवाज आला, तेहतीस वर्षं वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"मला ऐकू आलं नाही."

काकांनी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने.